पायांनी खेळायचा खेळ

डूममध्ये मान वर करता येत नाही. उडी नाही, खाली बसणं नाही, बंदूक डोळ्याला लावून नेम धरणं नाही, गोळ्या भरायला थांबणं नाही. आजच्या शूटर गेमवर हात बसलेला माणूस 1993 सालचा हा गेम पहिल्यांदा उघडतो, सवयीने माऊस वर ढकलतो, आणि नजर वर जायच्या ऐवजी आपला गडी सरळ पुढे चालत सुटतो. डॉसवरच्या मूळ गेममध्ये माऊसची ती हालचाल चालण्यासाठी दिलेली होती. तिथेच अनेकांचा हिरमोड होतो आणि 'त्या काळाच्या मानाने ठीक' म्हणत ते गेम बंद करतात.

माझं मत विचाराल तर त्यांनी आणखी दहा मिनिटं कळ काढायला हवी होती. डूमला नेमबाजीचा गेम समजणं हीच मुळात गल्लत आहे. नेमाचं अर्धं काम गेम स्वतःच करून टाकतो. बंदुकीच्या रेषेत 1024 एककांच्या आत राक्षस दिसत असला, मग तो कठड्यावर असो की खड्ड्यात, गोळी आपोआप त्याच्या उंचीला जाते. (एकक म्हणजे केवढं? आपला गडी 56 एकक उंच आणि 32 एकक रुंद आहे, त्यावरून अंदाज बांधा.) रॉकेट तर आणखी लाडावलेलं. समोर कुणी नसेल तर ते डावीकडे-उजवीकडे साडेपाच अंशांत कुणी आहे का ते पाहतं आणि त्याच्याकडे वळूनच निघतं. 1024 च्या पलीकडे मात्र ही मदत संपते. गोळी आडवी सरळ जाते, आणि लांबच्या उंच गच्चीवरचा राक्षस दिसत असूनही मरत नाही. नवखा माणूस तिथे गोळ्यांची रास ओततो. चार पावलं पुढे जायचं, एवढाच त्यावर इलाज.

वरखालीचा प्रश्न असा सुटला की उरतं डावं-उजवं, आणि उरतात पाय. डूमचा सगळा जीव तिथे आहे.

गेमचं घड्याळ सेकंदाला 35 ठोके देतं. त्या ठोक्याला टिक म्हणतात. पळताना आपला गडी एका टिकमध्ये जास्तीत जास्त पावणेसतरा एकक पुढे जातो, बाजूला सरकताना सव्वातेरा. इंप नावाचा तपकिरी, काटेरी राक्षस जो आगीचा गोळा फेकतो, त्याचा वेग टिकला 10. म्हणजे आपल्यावर सोडलेल्या गोळ्यापेक्षा आपण जोरात पळतो, आडवे सरकतानासुद्धा. शिवाय राक्षसांना पुढचा अंदाज घेता येत नाही. आपण कुठे निघालोय ते ते बघत नाहीत, गोळा सोडायच्या क्षणी आपण जिथे असू तिथे तो सोडतात. त्यामुळे सतत आडवं सरकत राहणाऱ्या गड्याला इंपचा गोळा लांबून लागतच नाही.

उभ्या जागेवरून सुटायचं असेल तर थोडा हिशोब लागतो. गोळ्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर पडायला सुमारे 22 एकक सरकावं लागतं, आणि गडी एका झटक्यात वेग घेत नसल्यामुळे त्याला सहा टिक लागतात, सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा. इंप 300 एककांवर असेल तर गोळा यायला 30 टिक आहेत. घाई नाही. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याला आधी एका बाजूला झुकू द्यायचं आणि मग दुसरीकडून निसटायचं, तशीच ही हुलकावणी. गोळा हातातून सुटलेला दिसला की मग सरकायचं. आधीच सरकून थांबलात तर तो नव्या जागेवर येईल.

पुढे आणि बाजूला अशा दोन्ही कळा एकत्र दाबल्या की दोन्ही वेगांची बेरीज होते आणि गडी तिरका, सरळ पळण्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त वेगाने जातो. त्यासाठी तोंड जायच्या दिशेपासून साधारण 39 अंश वळवून ठेवावं लागतं. सुरुवातीला भिंतीला खांदा घासतो, मग अंगवळणी पडतं. काही दऱ्या या तिरक्या धावेनेच ओलांडता येतात, कारण उडी नसली तरी 24 एककांपर्यंतची पायरी गडी आपोआप चढतो. पलीकडचा काठ तेवढ्यात गाठला म्हणजे झालं.

आता हा पायांचा न्याय जिथे चालत नाही ती जागा. बंदूकवाले शिपाई. साधा रायफलवाला शिपाई गेममधला सगळ्यात हलका राक्षस, 20 हेल्थचा, पिस्तुलाच्या दोन-तीन गोळ्यांत जातो. टक्कल पडलेला शॉटगनवाला 30 चा. पण त्यांच्या गोळीला प्रवास नाही. चाप ओढला त्याच टिकला ती पोहोचलेली असते, चुकवणार काय? शॉटगनवाल्याचे तीन छर्रे, प्रत्येकी 3 ते 15 इजा. तिन्ही लागले आणि नशीब फिरलेलं असलं तर एका बारात 45. चार शॉटगनवाले असलेल्या खोलीत आडवं सरकत नाचणारा माणूस दहा सेकंदांत मरतो आणि मग म्हणतो, गेम अन्यायी आहे. अशा खोलीत नाचायचं नाही. दार उघडायचं, चौकटीच्या बाजूला व्हायचं. दार उघडं राहतं सव्वाचार सेकंद. तेवढ्यात एखादा पुढे आला तर त्याला कोपऱ्यावर गाठायचं. आणि खोलीत सगळी जत्रा भरलेली असेल तर आधी हे किरकोळ शिपाई टिपायचे, मोठ्या दातांचे नंतर. दिसायला भयंकर ते मागे ठेवा, ही सवय लागायला वेळ लागतो.

कोण जागा होईल आणि कधी, यालाही नियम आहेत. झोपलेल्या राक्षसाला समोरच्या अर्धवर्तुळातलं दिसतं. पाठीमागून गेलात तर तो ढिम्म राहतो, अगदी 64 एककांच्या आत शिरेपर्यंत. आवाज मात्र वेगळी वाट धरतो. आपण हत्यार चालवलं की आवाज शेजारच्या खोलीत, तिथून पुढच्या, असा उघड्या वाटांनी पाण्यासारखा पसरतो. अंतराने तो क्षीण होत नाही. बंद दार त्याला अडवतं. लेव्हल बनवणाऱ्याने काही रेषांवर आवाज रोखायची खूण केलेली असते, पण तशी एक रेषा आवाज ओलांडतो, दुसरीला थांबतो. गंमत म्हणजे गेमच्या लेखी हत्यार ते हत्यार. रिकामी मूठ हवेत मारली तरी तोच गजर होतो. म्हणून 'गुपचूप मुठीने मारू' हा बेत इथे फसतो. उलट तोच गजर कामालाही येतो. सुरक्षित जागी उभं राहून एकदा मूठ मारायची आणि कोण कोण येतं ते पाहायचं. जे तरीही येत नाहीत त्यांच्यावर दबा धरून बसायची खूण केलेली असते. तुम्ही दिसल्याशिवाय ते हलणार नाहीत, आणि कोपऱ्यामागे नेमके तेच असतात.

राक्षसांची आपसातली मारामारी हा या गेमचा खरा मोठा शोध, असं मी म्हणेन. एकाचा मार दुसऱ्याला लागला की दुसरा आपल्याला सोडून पहिल्याच्या अंगावर जातो. इंपच्या गोळ्याने इंप चिडत नाही, कारण एका जातीचे गोळे त्या जातीला लागूच होत नाहीत. शिपायांच्या बंदुकीच्या गोळीला ही सवलत नाही, त्यामुळे शिपाई आपसातही भांडतात. मग करायचं काय? दोन वेगळ्या जातींच्या मध्ये उभं राहायचं, एकाला गोळा सोडू द्यायचा आणि वाटेतून बाजूला व्हायचं. 400 हेल्थचा, हवेत तरंगणारा, एका डोळ्याचा लाल काकोडीमन आणि 1000 हेल्थचा बॅरन एकमेकांत जुंपले की आपल्या वीस-पंचवीस काडतुसांची बचत होते. अवघड लेव्हल बनवणारे हे गृहीत धरूनच दारूगोळा कमी ठेवतात. तिथे सगळ्यांना स्वतःच मारायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत फक्त मुठीवर येतो.

हत्यारांत शॉटगन ही घरची पोळी-भाजी. एका काडतुसात सात छर्रे, प्रत्येकी 5, 10 किंवा 15 इजा, सगळे लागले तर सरासरी 70. 60 हेल्थचा इंप बहुतेक वेळा एका बारात पडतो, 150 चा गुलाबी डीमन दोन-तीन बारांत. छर्रे फक्त आडवे पसरतात, उभे नाहीत, म्हणून लांबवर तिचा उपयोग घटतो. चेनगन लोक चुकीची चालवतात. चाप दाबून ठेवला की गोळ्या फाकतात, पण प्रत्येक दाबाच्या पहिल्या दोन गोळ्या अगदी सरळ जातात. म्हणजे लांबच्या शिपायासाठी दाबा-सोडा, दाबा-सोडा. काकोडीमनवर मात्र चाप धरूनच ठेवायचा. प्रत्येक गोळीला तो कळवळण्याची शक्यता निम्मी, सेकंदाला जवळजवळ नऊ गोळ्या, आणि कळवळणारा राक्षस हल्ला करू शकत नाही. हाच न्याय करवतीला. डीमन दहापैकी सात वेळा कळवळतो, त्याच्या तोंडात करवत घालून उभं राहिलं तर तो बहुधा एकदाही न चावता संपतो. काडतूस एकही जात नाही.

बर्सर्कची काळी पेटी घेतली की पडदा लाल होतो आणि हळूहळू तो रंग उतरतो. रंग उतरला म्हणजे ताकद उतरली असं समजून बरेच जण मूठ सोडून देतात. ताकद लेव्हल संपेपर्यंत राहते. मुठीचा मार दसपट होतो, 20 ते 200. वर हेल्थ शंभराच्या खाली असेल तर ती शंभर होते. उगाच नाही जाणकार ती पेटी जखमी होईपर्यंत राखून ठेवत.

रॉकेटचं एकच सांगणं: भिंतीजवळ नको. थेट लागल्याचे 20 ते 160 वेगळे, वर स्फोटाचे 128 पर्यंत, अंतरागणिक एकेक कमी होत जाणारे. स्फोट अगदी अंगाशी झाला आणि आर्मर नसलं तर शंभर हेल्थचा गडी जागीच आडवा. स्फोटक पिंपाचा स्फोटही तेवढाच, आणि पिंप फुटायला 20 इजा पुरते. स्फोटाचं अंतर मोजताना गेम उंची बघतच नाही. खाली तळात पिंप फुटलं की कठड्यावर वर उभ्या असलेल्यालाही तेवढंच लागतं, फक्त मध्ये आडोसा नसावा.

आर्मरचा एक बारकावा कुणी सांगत नाही. हिरवं आर्मर 100 चं, माराचा तिसरा हिस्सा झेलतं. निळं 200 चं, निम्मा झेलतं. निळं वापरून वापरून 95 वर आलं असेल आणि वाटेत हिरवं पडलेलं असेल, तर त्यावरून चालत जाऊ नका. आकडा 100 होईल पण आर्मर हिरवं होईल, निम्म्याचं तिसऱ्यावर येईल. पडद्यावरच्या पट्टीत रंग दिसत नाही, त्यामुळे हा तोटा लक्षातही येत नाही. आपल्याला धूसर करणारा गोलही असाच फसवा. राक्षसांचा नेम त्याने चुकतो खरा, पण मग ज्या गोळ्यांना आपण हिशोबाने हुलकावणी देत होतो ते भलतीकडे येतात, नेमके आपण सरकतो तिथे. बंदूकवाल्यांच्या खोलीत तो घ्यावा, इंपांच्या खोलीत टाळावा.

यातलं बरंच विचित्र वाटतं, आणि त्याचं मूळ गेमच्या बांधणीत आहे. इड सॉफ्टवेअरच्या टेक्ससमधल्या छोट्या चमूने नेक्स्ट कंपनीच्या वर्कस्टेशनवर हा गेम सी भाषेत लिहिला. चालायला हवा होता 386 प्रोसेसर आणि 4 एमबी मेमरीच्या पीसीवर. चमूतल्या जॉन कारमॅक या प्रोग्रामरने त्यासाठी नकाशा सपाट कागदासारखा धरला. कागदावर रेषांनी वेढलेले तुकडे, म्हणजे सेक्टर. प्रत्येक तुकड्याला एक जमिनीची उंची, एक छताची. त्यामुळे खोलीवर खोली बांधताच येत नाही. जिने आहेत, कठडे आहेत, लिफ्ट आहेत, पण एखाद्या पुलावरून आणि पुलाखालून अशा दोन्ही वाटा नाहीत. लेव्हल तयार झाली की नकाशाचे तुकडे आधीच पाडून झाडासारख्या रचनेत ठेवले जातात. बीएसपी ही ती पद्धत, 1980 च्या एका संशोधन निबंधातली. खेळताना संगणकाला फक्त जवळचं आधी, लांबचं नंतर अशा क्रमाने झाड उतरत जायचं असतं.

राक्षसही असेच सपाट. अडवण्याच्या बाबतीत प्रत्येक जण जमिनीपासून आभाळापर्यंतचा खांब. कठड्यावरून खाली उडी टाकायला जावं आणि अधांतरी अडकावं, असं झालं की समजा, बरोबर खाली इंप उभा आहे. चावा घेतानाही उंची मोजली जात नाही, म्हणून खालचा डीमन वर कठड्याशी उभ्या असलेल्याला चावतो. सगळ्यात चीड आणणारी चूक मात्र गोळ्यांची. नकाशा 128 एककांच्या चौकटींत वाटलेला असतो आणि राक्षसाची नोंद फक्त त्याचा मध्यबिंदू ज्या चौकटीत असेल तिथे होते. गोळी शेजारच्या चौकटीतून त्याच्या खांद्यातून आरपार गेली तरी नोंद तिथे नाही, म्हणून ती लागत नाही. अंगाने रुंद राक्षसांना ही चूक जास्त वाचवते. उपाय आहे: कडेवर नको, पोटाच्या मध्यावर मारा.

इजेचा आकडा दर वेळी फासा टाकून ठरतो असं वाटतं, पण फासा नाहीच. गेममध्ये 256 आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. दैव लागेल तिथे पुढचा आकडा उचलायचा, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. याचा फायदा बघा. खेळलेली लेव्हल साठवायला चित्रं साठवावी लागत नाहीत. प्रत्येक टिकला चार बाइट पुरतात: पुढे-मागे किती, बाजूला किती, वळण किती, कोणती कळ. मिनिटाला साधारण 8 केबी. तीच कळफलकाची नोंद पुन्हा गेमला भरवली की तेच आकडे, तीच इजा, तेच मरण. दोन पीसींवरचा सामनाही याच भरवशावर चालतो, फक्त कळा एकमेकांना कळवायच्या. पहिल्या आवृत्तीत त्या कळा नेटवर्कवरच्या सगळ्याच यंत्रांना ओरडून सांगितल्या जात, त्यामुळे चार जणांच्या डेथमॅचने अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क रेंगाळायचं. 1.2 आवृत्तीत ते निस्तरलं.

10 डिसेंबर 1993 ला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवलेला पहिला भाग फुकट होता, गुप्त लेव्हलसह नऊ लेव्हलचा. आजही सुरुवात त्यानेच करावी. त्याची फाइल साधारण 4 एमबीची आहे. गेमचा मूळ कोड 1997 च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, त्यावर बांधलेले, आजच्या संगणकावर गेम चालवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. मूळ चुकांसकट अस्सल चव हवी तर चॉकलेट डूम. तीच चव पण स्वच्छ चित्रात हवी तर क्रिस्पी डूम. जीझेडडूममध्ये मान वर होते, उडी मारता येते, पण मग लेव्हलचे डाव मोडतात, म्हणून पहिल्या फेरीला ती दोन्ही बंद ठेवा. माऊसने पुढे चालणंही बंद करा. कळा बदलून डावं-उजवं सरकणं ए आणि डीवर आणा, धावणं कायम चालू ठेवा. पातळी चौथी, अल्ट्रा-व्हायोलन्स. पाचवी नाइटमेअर लगेच नको. तिथे इंपचा गोळा टिकला 20 ने येतो, म्हणजे वरचं सगळं पायांचं गणित उलटं फिरतं, आणि मेलेले पुन्हा उठतात.

एक लेव्हल नीट जमली की ती पुन्हा, फक्त पिस्तूल आणि 50 गोळ्या घेऊन खेळा. प्रत्येक लेव्हल तशी सुटावी अशीच बांधलेली आहे. पहिल्या लेव्हलमध्ये उजव्या खिडकीतून बाहेर अंगणात निळं आर्मर दिसतं. काच नाही, पण खिडकीतून जाता येत नाही. नागमोडी वाटेच्या हिरव्या पाण्याच्या खोलीतून त्याकडे चोरवाट जाते.

दुसऱ्या भागाच्या शेवटी सायबरडीमन भेटतो. 4000 हेल्थ, एका हाताच्या जागी रॉकेटची नळी, एका वेळी तीन रॉकेटं. स्फोटाचा मार त्याला लागत नाही, फक्त थेट बसलेलं रॉकेट लागतं. थेट रॉकेटची सरासरी 90, म्हणजे साधारण 45 रॉकेटं बसवावी लागतात. पिशवी नसताना आपल्याकडे मावतात 50. त्याचं रॉकेट टिकला 20 ने येतं, आपण आडवे सव्वातेराने. अंगाशी गेलात तर वेळ पुरत नाही, फार लांब गेलात तर आपलं रॉकेट पोहोचेपर्यंत तो सरकलेला असतो. मधलं अंतर धरा, पाठीशी भिंत येऊ देऊ नका, त्याच्याभोवती एकाच दिशेने गोल फिरत राहा, आणि तिसरं रॉकेट निघून गेलं की मगच दिशा बदला.